ऋजूला उचलणार कोण?

“शर्ट काढा. बनियनपण. आणि पोट आत ओढू नका, दादा. मला पाठीशी काम हाय, पोटाशी न्हाई.”

रोझीमावशी लिन हे अस्सल मिरजेच्या मराठीत म्हणाली. चिनी वैद्यकाचं पहिलं वाक्य काहीतरी प्राचीन आणि धीरगंभीर असणार अशी मनाची तयारी करून गेलेला मी, बनियन अर्धा डोक्यात अडकवून उभा होतो. तो पुढं जात नव्हता आणि मागंही येत नव्हता.

“थांबा,” म्हणून तिनं तो लहान पोराचा काढावा तसा एका झटक्यात ओढून काढला. “कधी भरली उसण?”

“रविवारी.”

“काय उचलत होता?”

“काही नाही. जरा वाकलो फक्त.”

“नुसतं वाकून एवढी भरत न्हाई. काय उचलत होता?”

“गॅसचा सिलिंडर.”

“भरलेला?”

“हो.”

“कुठनं कुठं न्यायचा होता?”

हा प्रश्न अवघड होता. सिलिंडर कुठंच न्यायचा नव्हता. तो दोन्ही हातांवर आडवा घेऊन, चेहऱ्यावर मंद हसू ठेवून, स्वयंपाकघरातून देवघरापर्यंत चालत जायचा मी सराव करत होतो. हसू शेवटपर्यंत टिकलं, कंबर टिकली नाही.

सरावाचं कारण माझी भाची. थोरली बहीण शालनताई, तिची एकुलती एक मुलगी ऋजुता. तिचं लग्न त्या आठवड्याच्या शेवटी होतं. आमच्या तगारे घराण्यात एक रीत आहे. पणजोबांच्या काळात कुठल्याशा लग्नात ऐन मुहूर्ताला ओढ्याला पाणी आलं आणि नवरीच्या मामानं तिला उचलून पैलतीरी मांडवात नेलं. पुढं ओढ्यावर पूल झाला, मग ओढाच आटला. रीत मात्र ओल्या धोतरानं तशीच उभी आहे. गौरीहर पुजत बसलेल्या नवरीला मामानं दोन्ही हातांवर उचलून बोहल्यापर्यंत न्यायचं. नवरी चालत आली तर अपशकुन वगैरे काही होत नाही. फक्त पुढली तीस-चाळीस वर्षं लोक विचारत राहतात, “त्या लग्नात मामा वारला होता का?”

ऋजुता बँकेत अधिकारी होती, पण त्याआधी विद्यापीठाकडून व्हॉलीबॉल खेळलेली. घरात कुणाचीही उंची तिच्या खांद्यापलीकडे जात नव्हती. तिच्या एका स्मॅशनं जिमखान्याची ट्यूबलाइट फुटल्याचं लोक आजही सांगतात. आणि मी सांगलीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा, चाळिशीच्या उतरणीला लागलेला माणूस.

तरी मी सिलिंडरला हात घातला नसता. पण मला एक धाकटा भाऊ आहे. शिरीष. इचलकरंजीत त्याचं खेळाच्या साहित्याचं दुकान होतं आणि तो रोज पहाटे व्यायामशाळेत जायचा. त्याचे दंड असे, की हाफ शर्टाच्या बाह्या त्याला शिंप्याकडून सैल करून घ्याव्या लागत. आम्ही दोघं कैक वर्षं बोलत नव्हतो. तो कुणाजवळ तरी म्हणाला होता, “दादाला झेपायचं नाही. शेवटी मलाच उचलावी लागणार.” हे वाक्य माझ्यापर्यंत दोन नातेवाइकांमार्फत आलं, म्हणजे वाटेत थोडं जाड झालं असणार. पण पोचलं.

उसण भरल्यावर मी आधी शहाण्या माणसासारखा हाडांच्या डॉक्टरकडं गेलो. मिरजेत दगड मारला तर डॉक्टरला लागतो आणि पट्टी बांधायला दुसरा शेजारीच उभा असतो. त्यांनी गोळ्या दिल्या, तीन आठवडे विश्रांती सांगितली आणि जड उचलायचं नाही म्हणाले. नवरीचा मामा आहे म्हणालो, तर म्हणाले, “अभिनंदन.”

त्या संध्याकाळी ऋजूचा फोन आला. “भालूमामा, मिरजेत एक मावशी आहेत. चिनी पद्धतीनं करतात. सुया, वाट्या, सगळं. आमच्या टीमच्या मुली जायच्या. उद्या अकराची वेळ घेतलीय मी तुझी. कुणाला सांगू नकोस. मीपण नाही सांगत.”

पोरीला मामाची केवढी काळजी, असं वाटून मला भरून आलं. घरी मी पेपर तपासायला जातो असं सांगितलं. नीलिमा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, “वाकून तपासू नका.”

पत्त्यावर पोचलो तर पाटी होती ‘लिन दंतालय. कवळ्या बसवून मिळतील.’ खाली रंग उडालेली एक कवळी कुणाच्याही मदतीशिवाय हसत होती. रोझीमावशीचे आजोबा चीनमधून कलकत्ता, मुंबई करत मिरजेला आले आणि कवळ्या करू लागले. आजी आतल्या खोलीत शेजारणींच्या पाठी बघायची. पुढं गावात दातांचे डिग्रीवाले डॉक्टर झाले. लिन कुटुंबाकडचे दात गेले, पाठी राहिल्या. मावशीनं त्याचं रीतसर शिक्षणही घेतलं होतं. प्रमाणपत्र भिंतीवर होतं, त्याच्या शेजारी गणपतीचं कॅलेंडर. ते जास्त ठळक होतं.

“पालथं झोपा. तोंड त्या भोकात.”

टेबलाच्या एका टोकाला चेहरा ठेवण्यापुरतं भोक होतं. त्यातून मला एक फरशी आणि मावशीच्या चपला दिसत. मावशी एका पायानं लंगडत होती.

“हे बघा,” ती बोटांनी माझी पाठ चाचपत म्हणाली. “अंगात एक पाण्यासारखं वाहतं. चिनीत त्याला ‘ची’ म्हणतात. कालव्यात पोतं अडकलं की खालची शेतं कोरडी पडतात का न्हाई? तसंच. मी पोतं काढते.”

“सुईनं?”

“मग काय जेसीबीनं?”

“पण हे असं खरंच वाहतं?”

“आजी म्हणायची. मी काय बघितलेलं न्हाई. तुम्ही ते मागणी-पुरवठा शिकवता म्हणे, ते बघितलंय काय कधी?”

सुई गेली तेव्हा मुंगी चावल्यासारखं झालं आणि मग तिथं कुणीतरी अंगठा दाबून ठेवल्यासारखा जडपणा आला. तो आला की मावशी “हां, लागलं” म्हणायची आणि पुढं सरकायची. कमरेवर दोन, पाठीवर काही, आणि दोन चक्क गुडघ्यांच्या मागं.

“गुडघ्याला का? माझा गुडघा दुखत नाही.”

“कमरेची वाट तिकडनंच जाती. माझा दुखतोय बघा गुडघा. शनिवारच्या शनिवारी जाते हाडवैद्याकडं. लेप चांगला लावतो.”

“मग तुम्ही सुया का नाही घेत?”

“स्वतःला कोण टोचून घेतंय! दुखतं.”

मग तिनं एक जाड चिरुटासारखी कांडी पेटवली आणि माझ्या कमरेजवळ धरली. कसल्याशा पाल्याची होती. वास थेट दवण्याच्या चुलत भावाचा. कमरेला सुखाची ऊब लागली आणि खोलीत ज्योतिबाची चैत्रयात्रा भरल्यासारखं झालं.

“आता वीस मिनिटं अजिबात हलायचं न्हाई,” मावशी म्हणाली. “हललात तर सुई वाकती. सुई वाकली की मी ओरडते.”

तेवढ्यात बाहेरची घंटी वाजली. कुणीतरी आलं. मावशीच्या चपला गेल्या आणि पडद्यापलीकडं दुसऱ्या टेबलाची करकर ऐकू आली. हलक्या आवाजात बोलणं, शर्ट काढल्याची सळसळ, “हां, लागलं. हां, लागलं.” मग कांडी तिकडं गेली. मग दारात भाजीवाला ओरडला आणि मावशी मेथीचा भाव करायला बाहेर गेली. आम्ही दोन अनोळखी रुग्ण, मध्ये पोपटांच्या छापाचा पडदा.

आणि तो शिंकला.

आधी एक लांब ‘हाऽऽ’, मग विचार बदलल्यासारखा विराम, आणि मग तीन शिंका एकदम, जिना कोसळावा तशा. ही शिंक आमच्या वडिलांची. त्यांच्या पश्चात इस्टेटीत फक्त ती वादाशिवाय वाटली गेली होती. दोन्ही मुलांना सारखी.

“शिऱ्या?” मी भोकातून म्हणालो.

पलीकडून बारीक आवाजात, “कोण?”

“कोण काय कोण?”

“दादा? तू हितं काय करायलास?”

“आधी तू सांग.”

“मी... दात दाखवायला आलोय.”

“पालथं झोपून?”

मी उठून जाणार होतो. आमचं तसं ठरून गेलेलं होतं. शिरीष खोलीत आला की मी उठायचो, मी आलो की तो. बारशी, मुंजी, एक वास्तुशांत आम्ही अशी पाळी लावून साजरी केली होती. पण पाठीत सुया होत्या.

“मावशी!” मी हाक मारली.

“हलू न्हका!” बाहेरून उत्तर आलं. “दोघंपण!” आणि पुन्हा मेथी.

फरशीकडं बघत मी पडून राहिलो. भांडून झाल्यावर माणसानं उठून जायचं असतं, म्हणून भांडण टिकतं. उठताच येत नसलं की त्याचं काय करायचं, ते कुणी शिकवलेलं नसतं.

“आईचा गुडघा कसा आहे?” शिरीषनं विचारलं.

हा साधा प्रश्न नव्हता. आमचं सगळं बिनसलं होतं ते आईच्या गुडघ्यावरून. मी म्हणत होतो ऑपरेशन करून गुडघा बदलू. तो म्हणत होता त्याच्या ओळखीच्या एका तेलवाल्या बुवाकडं नेऊ. बोलण्यानं बोलणं वाढलं. मी त्याला अडाणी म्हणालो, तो मला पुस्तकी कीडा म्हणाला. आई दोघांनाही ‘बघू’ म्हणाली आणि गरम विटेनं शेकत राहिली. गुडघा होता तसा राहिला, आम्ही राहिलो नाही.

“तुलाच माहीत,” मी म्हणालो. “महिनाभर तुझ्याकडं होती.”

“मी विचारलं की म्हणते, भालूला विचार.”

“मला म्हणते, शिरूला विचार.”

“म्हणजे बरा आहे.”

“असणारच. माझं ऐकून ती तुझ्या तेलवाल्याकडं गेली नाही.”

“माझं ऐकून तिनं गुडघ्यात स्टीलची वाटी बसवून घेतली नाही.”

“एरंडाच्या पानात गुंडाळणार होता तो बुवा तिला.”

“त्याच्याकडं पैलवान जातात, दादा!”

“आई कुठल्या तालमीची?”

पलीकडून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं, सुई वाकली. पण तो हसत होता, तोंड दाबून.

“हसवू नको रे. पाठीत कळ जाते.”

“पाठीला काय झालंय तुझ्या? व्यायाम करतोस ना एवढा?”

“सुजाताला उचलून जिना चढत होतो.”

“बायकोला? का?”

“सराव.”

“ती तयार झाली?”

“आनंदानं. हातावर बसून मोबाइल बघत होती. निम्म्या जिन्यात लचक भरली.”

“पाडलीस तिला?”

“ती उतरली. मी पडलो.” मग त्यानं विचारलं, “आणि तू?”

“सिलिंडर.”

“भरलेला?”

“भरलेला.”

“दादा, अरे तू आयुष्यात खडूशिवाय काही उचललं नाहीस! कुणी सांगितलं होतं तुला?”

“मोठा मामा मी आहे.”

“असशील. पण ती जन्मली तेव्हा दवाखान्यातून घरी कुणी आणली? तुझी एम.ए.ची परीक्षा चालू होती. भावजी तिकडं नागपूरला अडकले होते. त्या जिन्यावरून एक एक पायरी उतरत मी आणली तिला. ताई मागून ‘सांभाळ, सांभाळ’ करत होती आणि ही बया माझ्या बनियनचा बंद धरून झोपलेली. तेव्हाच ठरवलं होतं मी, हिच्या लग्नात आपण उचलायचं.”

“सायकल मी शिकवली तिला.”

“सीट धरून मागं पळालास. त्याला उचलणं म्हणत नाहीत.”

ते खरं होतं. बाहेर मावशी भाजीवाल्याला सांगत होती, की ही मेथी नसून गवत आहे आणि ते त्यालाही ठाऊक आहे.

“आणि तू उचललीस, तर मी कुठं उभा राहायचं?” शिरीष म्हणाला. आवाज बदलला होता. “तू बोलत नाहीस माझ्याशी. तुझ्यामागं येणार कसा मी? पाहुण्यांत खुर्चीवर बसून बघायचं, नवऱ्याकडच्या माणसासारखं?”

सिलिंडर घेऊन देवघराकडं निघालो होतो तेव्हा माझ्याही डोक्यात हेच होतं. फक्त खुर्चीवर तो नव्हता, मी होतो.

बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, “तुला भोकातून काय दिसतंय?”

“फरशी. मघाशी एक झुरळ होतं. गेलं.”

“हां. इकडं आलंय.”

मावशी आत आली, तिनं सुया काढल्या आणि पडदा एकदम सरकवला. “तुम्ही ओळखीचे काय एकमेकांच्या?” असं तिनं विचारलं. तिचा चेहरा फारच निरागस होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मग वाट्या. काचेची एक एक वाटी, आत पेटता बोळा फिरवायचा आणि चटकन पाठीवर पालथी घालायची. कातडी आत ओढली जायची, पुरीसारखी फुगायची. शिरीष व्यायामशाळेतला माणूस, त्यानं अंगावर वाटी बसताच “आई गं” केलं. मी केलं नाही. मला आवाजच फुटला नाही.

“आता ऐका,” मावशी म्हणाली. “पुढं तीन दिवस यायचं, दोघांनी. आणि लग्न होईस्तोवर काही उचलायचं न्हाई. अक्षतासुद्धा दोन बोटांनी टाकायच्या.”

बाहेर येऊन आम्ही कोपऱ्यावर चहा घेतला, उभ्यानं, कारण बसलं तर उठायला एकमेकांची मदत लागली असती आणि तितकं अजून जमलेलं नव्हतं.

“तू उचल,” शिरीष म्हणाला. “बरा झालास तर. मोठा तू आहेस.”

“नको. तू उचल. घरी तू आणलीस.”

“तसं नाही, दादा.”

“तसंच.”

सकाळपर्यंत ज्या मानासाठी दोन पाठी गेल्या, तो आम्ही आता पंगतीतल्या आग्रहाच्या जिलबीसारखा एकमेकांच्या ताटात ढकलत होतो आणि दोघंही ताटावर हात धरत होतो.

पुढचे तीन दिवस आम्ही पडदा न लावता शेजारी शेजारी पालथे पडलो. पाठ खरोखर हलकी झाली. रोझीमावशी म्हणाली, सुयांनी. हाडांचे डॉक्टर म्हणाले, त्यांच्या गोळ्यांनी. नीलिमा म्हणाली, सिलिंडर उचलणं बंद केल्यानं. मी अर्थशास्त्राचा माणूस. एका परिणामाला तीन कारणं असली की आम्हाला घरच्यासारखं वाटतं. पण उचलण्याइतकी पाठ दोघांचीही झाली नाही, आणि ते आम्ही घरात कुणालाही सांगितलं नाही. आपल्या माणसांना काळजी नको म्हणून गप्प बसायचं आणि शेवटच्या क्षणी सगळ्यांना एकदम काळजीत टाकायचं, ही आमच्या घराण्याची दुसरी रीत.

ते फुटलं हळदीच्या दिवशी. शालनताईच्या नणंदेनं मागून येऊन आमच्या दोघांचे शर्ट वर करून पाठी हळदीनं माखायला घेतल्या आणि किंचाळली. दोन्ही पाठींवर जांभळी वर्तुळं, कुणी गरम तांबे टेकवल्यासारखी, रांगेत.

“इकडं फिरा दोघं,” पाटावरून आई म्हणाली. चष्मा लावून तिनं नीट पाहिलं. “तुंबड्या? कुणाकडं लावून घेतल्या?”

“तुंबड्या नाहीत, आई. चिनी उपचार आहे,” मी म्हणालो.

“कसला चिनी! आमच्याकडं गोविंदा न्हावी लावायचा की. तुमच्या आजोबांची पाठ अशीच दिसायची, आंब्याच्या अढीसारखी.” मग चष्मा काढून तिनं आम्हा दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. “एकाच न्हाव्याकडं गेला होता?”

“हो,” शिरीष म्हणाला.

“बरं झालं,” आई म्हणाली आणि पुन्हा हळद कालवू लागली. तिला वर्तुळांपेक्षा ते महत्त्वाचं वाटलं असावं.

शालनताईला मात्र हिशेब उशिरा लागला. “म्हणजे दोघांच्याही पाठी गेल्यात?” ती ओरडली. “मग ऋजूला उचलणार कोण?”

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं. त्याच वेळी दारात नवऱ्या मुलाचे काका उभे होते, बेळगावचे, उत्साही. “आम्ही खास बघायला आलोय हं!” ते म्हणाले. “मामा उचलतात म्हणे तुमच्यात! आमच्या व्हिडिओवाल्याला मी सांगून ठेवलंय, तेवढं क्लोजअपमध्ये घे.”

रात्रभर आम्ही प्रत्येकानं स्वतंत्रपणे ठरवलं, की होऊ दे काय व्हायचं ते, आपणच उचलायची. दुसऱ्याची पाठ कायमची जाण्यापेक्षा आपली गेलेली बरी. चार वर्षांच्या मुलांनी भांडावं तसे भांडलेले दोन भाऊ एकदम इतके थोर झाले, की काम अडलं.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. अंतरपाट धरला गेला. गुरुजींनी माइकवरून सांगितलं, “मामा, मुलीला घेऊन या,” आणि आम्ही दोघंही उठलो. दोघांच्याही कमरेला धोतराखाली घट्ट पट्टा होता. चालताना दोन बैलगाड्या निघाल्यासारखा आवाज येत होता.

गौरीहराच्या खोलीत ऋजू एकटीच पाटावर बसली होती. आम्ही दार लोटलं.

“मी उचलतो,” मी म्हणालो.

“दादा, सरक. मी.”

“तुझी पाठ अजून...”

“आणि तुझी?”

“झालं का दोघांचं?” ऋजू म्हणाली. मुंडावळ्या बाजूला करून तिनं आमच्याकडं पाहिलं. “कुणी काही उचलणार नाहीये. रोझीमावशींनी मला सगळं सांगितलंय.”

“तुला कशाला सांगितलं?” शिरीषनं विचारलं.

“दोन्ही माम्यांनी पाठींचं कळवलं, म्हणून मीच तर दोघांच्या वेळा घेतल्या. मावशींना म्हटलं, दोघांना एकाच वेळी झोपवा, मध्ये पडदा ठेवा, आणि सुया काढायची घाई करू नका.”

मी शिरीषकडं पाहिलं. तोही फोनवर ‘कुणाला सांगू नकोस’ हेच ऐकून आला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

“मग त्या काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणाल्या, पाठींचं बघते, भावांची गॅरंटी देत नाही.” तिनं मुंडावळ्या पुन्हा सारख्या केल्या. “मला उचलून घ्यायची हौस नाही रे, मामा. कधीच नव्हती. मला फक्त एकाला बघून दुसरा हॉलबाहेर जायला नको होता. आज तरी.”

माइकवरून गुरुजी म्हणाले, “मामा, मुहूर्त जवळ आला.”

शिरीषनं डोळे पुसले आणि एकदम व्यवहारी होत म्हणाला, “पण बाहेर ते बेळगावचे काका कॅमेरा घेऊन उभे आहेत. ताईचं काय?”

“आहे ना आयडिया,” ऋजू उठत म्हणाली. उभी राहिली तेव्हा आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना तुळशीवृंदावनाच्या पणत्यांसारखे दिसत असू. “हातांची खुर्ची करा. लहानपणी करायचा तशी. हां. आता मी तिच्यावर बसल्यासारखी उभी राहते. शालू जमिनीपर्यंत सोडलाय, त्यावर शेला. पाय कुणाला दिसत नाहीत. मी गुडघ्यात जरा वाकून चालते.”

“जमेल तुला एवढं लांब?”

“अख्खा सेट वाकून खेळलेय मी. तुम्ही फक्त चेहऱ्यावर वजन दाखवा.”

दार उघडलं. ऋजूचे दोन हात आमच्या दोघांच्या गळ्यात, आमचे चार हात तिच्यामागं गुंफलेले, आणि आम्ही निघालो. शिरीषनं दात आवळले. मी कपाळाची शीर फुगवायचा प्रयत्न केला. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. “दोन्ही मामांनी! वा!” असं कुणीतरी ओरडलं. शालनताई पदर तोंडाला लावून रडत होती. रीत मोडली नव्हती, उलट दुप्पट झाली होती.

खरं सांगायचं तर निम्म्या वाटेत माझी कंबर पुन्हा बोलू लागली आणि मी नकळत तिच्यावर रेललो. त्याच वेळी पलीकडून शिरीषही रेलला असावा, कारण ऋजू दातांतल्या दातांत म्हणाली, “मामा, दोघांनी एकदम नको.” पण ती थांबली नाही. पहिल्या रांगेत आई बसली होती. पायांपर्यंत बारकाईनं बघणारी हॉलमध्ये ती एकटीच. तिनं पाहिलं, आणि शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, “माझे मुलगे लहानपणापासून ताकदीचे.”

आम्ही बोहल्यापाशी पोचलो. ऋजू ‘उतरली’. घामानं भिजलेले आम्ही दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून उभे राहिलो. त्याशिवाय उभं राहणं शक्यच नव्हतं. बेळगावचे काका धावत आले, त्यांनी आमचे हात हातात घेऊन हलवले, आणि मग मागं वळून व्हिडिओवाल्याला विचारलं, “आलं ना सगळं?”

तो कॅमेऱ्यात बघत मान हलवत होता. “सॉरी साहेब. मध्येच कुणीतरी आडवं आलं. मामा, परत एकदा उचलता का प्लीज? तिथनं इथपर्यंत?”

एवढं कुणी म्हणायचाच अवकाश. हॉल सांगलीतला, नाटकाच्या गावात हे सांगावं लागत नाही. मागच्या रांगेतून पहिला आवाज आला, “वन्स मोऽऽर!” मग सगळा हॉल वन्स मोअर करू लागला. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि तेही बोट वर करून म्हणाले, “एकदाच. अजून तीन मिनिटं आहेत.”

मी शिरीषकडं पाहिलं. शिरीषनं माझ्याकडं पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, माझा मला दिसत नव्हता.

“चला रे,” ऋजू दोन्ही हात आमच्या गळ्यात टाकत हळूच म्हणाली. “धरा मला नीट. मी दमले नाहीये अजून.”

आणि ती आम्हा दोघांना घेऊन परत गौरीहराकडं निघाली.